टाकलेलं नाव

वातुगेदे वाडीत पोराचं नाव बदलणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. पोर सारखं आजारी पडायला लागलं, खाल्लेलं अंगी लागेना, की म्हातारी माणसं म्हणणार, नाव जड झालंय, पेलवत नाही त्याला. मग तांदळाची लापशी शिजवायची, अर्धी पांढरी, अर्धी ताडगूळ घालून लाल. शेजारपाजाऱ्यांना बोलवायचं, कुणीतरी दुआ म्हणायची आणि नवं, हलकं नाव चारचौघांत सांगून टाकायचं. तिथून पुढे जुनं नाव बंद. रागाच्या भरात नाही, थट्टेत नाही, झोपेतसुद्धा नाही. कारण जुनं नाव घेतलं की ज्यानं त्या पोराला धरलं होतं त्याला परत पत्ता लागतो. यात खरं किती आणि खोटं किती, यावर शिकलेल्यांनी खुशाल वाद घालावा. वाडीतली निम्मी माणसं अशा बदललेल्या नावांनी म्हातारी झाली आहेत आणि त्यांची काही तक्रार नाही.

रुबियेमनंही मुलीचं नाव बदललं होतं. फरक इतकाच, की तिला ते अर्धंच बदलता आलं, आणि उरलेल्या अर्ध्यानं तिला वीस वर्षं दमवलं.

तशी ती दमलेलीच असते. तिचा धंदा तेंपे करण्याचा. सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, पायांनी तुडवून सालं काढायची, पुन्हा उकडायचं, विरजण लावायचं आणि सागाच्या पानांत पुड्या बांधून उबेला ठेवायचं. दोन दिवसांत दाण्यांची पांढरी वडी धरते, ती बाजाराच्या दिवशी पाठीवरच्या टोपलीतून खाली न्यायची. टोपलीचा पट्टा एकाच खांद्यावर घेऊन घेऊन तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला आहे. उन्हाळ्यात चुनखडीच्या त्या डोंगरावर पाणी मिळत नाही, टँकरची वाट बघायची, आणि सोयाबीन तर पाण्याशिवाय जागचं हलत नाही. शेजारणी चिडवायच्या, "रुबियेम, तू जन्माला आलीस तेव्हाच दमलेली असशील." ती म्हणायची, "मग? जन्माला यायला काय कमी कष्ट पडतात?" आणि पुढची पुडी बांधायला घ्यायची.

तिचा नवरा वागिरान चुनखडीच्या खाणीत कामाला होता आणि गावच्या नाटकमंडळीत ढोल वाजवायचा. घरावर कौलं धड नव्हती, पण मुलगी झाली तेव्हा यानं तिला नाटकातल्या राणीचं नाव ठेवलं. एका दमात म्हणता येणार नाही असं लांबलचक, भरजरी नाव. ते आपणही इतक्यात घ्यायला नको. घरात आणि वाडीत ते तसं कुणी घेतही नव्हतं, सगळे तिला गेंदुकच म्हणत, म्हणजे छकुली. राणीचं नाव फक्त वागिरान घ्यायचा, तेही रंगात आला की.

छकुली तीन वर्षांची झाली आणि तिला ताप यायला लागला. अंगावर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात सांगितलं की रक्ताचा कॅन्सर आहे, औषधानं बरा होण्यासारखा आहे, पण औषध लांबेल. ते दोन वर्षांच्या वर लांबलं. रुबियेम पोरीला कापडात बांधून बसनं शहरात जायची, वॉर्डात खाटेखाली चटई टाकून झोपायची, आणि घरी आली की पुन्हा सोयाबीन तुडवायला उभी राहायची. सलाइनमधून एक लालभडक औषध जायचं, त्याला वॉर्डातल्या आया 'लाल सरबत' म्हणायच्या. सरबत चढलं की पोरं ओकायची, लघवी लाल व्हायची, केस उशीवर राहायचे. बायका तरी विनोद करायच्या, आज कुणाच्या लेकराला सरबत आहे गं, म्हणून. तिथं विनोद केला नसता तर करायचं काय, हा प्रश्नच होता. आणखी एक रीत तिथली. एखादं पोर गेलं की दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव वॉर्डात कुणी काढायचं नाही, निदान पोरांसमोर तरी नाही. खाट धुऊन निघायची, नवं पोर यायचं.

पहिल्याच वर्षी वाडीतल्या म्हाताऱ्यांनी निर्णय दिला होता: नाव जड आहे. वागिराननं दोन दिवस ढोलाला हात लावला नाही. मग त्यानंच ताडगूळ आणला आणि नवं नावही त्यानंच सुचवलं, विलुजेंग. सुखरूप, एवढाच त्याचा अर्थ. वाडीनं लापशी खाल्ली आणि राणीचं नाव त्या दिवशी संपलं.

वाडीपुरतं संपलं. इस्पितळातल्या बाबूनं सांगितलं की नाव बदललं की सगळे कागद नव्यानं करावे लागतील आणि तोवर फुकटची औषधं बंद. रुबियेमनं हात जोडून कागद होते तसेच राहू दिले. झालं, वाडीत मुलगी विलुजेंग आणि वॉर्डात ती दुसरीच. दारातून नर्स ते नाव खणखणीत आवाजात पुकारायची आणि रुबियेम घाईघाईनं पोरीला उचलायची. वाटायचं, इथे आपण हिचं दुखणं धुतोय आणि ही बाई दारात उभी राहून त्याला हाका मारतेय.

पोरगी एकदा म्हणाली होती, "आई, ती कोण गं? तिला बोलावलं की तू मला का उचलतेस?"

"पलीकडच्या खाटेवरची आहे," रुबियेम म्हणाली. "तिचं नाव घ्यायचं नाही. गप झोप."

पोरगी गप झोपली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

औषध संपलं, केस आले, गाल भरले. डॉक्टर म्हणाले, मुलगी बरी आहे, पण दर वर्षी दाखवायला आणा, मोठी होईपर्यंत आणा, मोठी झाली तरी आणा. रुबियेमनं दोनदा नेली. दुसऱ्या खेपेला भरल्या व्हरांड्यात ते नाव तीनदा पुकारलं गेलं, आणि परतीच्या बसमध्ये तिनं ठरवलं की बस. मुलगी ठणठणीत आहे, झाडावर चढतेय, मग दर वर्षी तिथं जाऊन पत्ता कशाला सांगायचा? वागिरानची कुरकुर होती, पण पुढच्याच वर्षी खाणीत दरड आली आणि कुरकुर करणाराच राहिला नाही. शाळेत घालताना जन्माचा दाखला काढला तो विलुजेंग या नावानं. आता जगात ते जुनं नाव फक्त इस्पितळाच्या एका फायलीत होतं, आणि रुबियेमला वाटलं, तेही धूळ खाऊन मरेल.

तिनं हे कुठल्या दुष्टाव्यानं केलं नाही, हे सांगायला नको. तिची अक्कल तेवढी होती, तेवढी भीती होती आणि अंगात तेवढंच त्राण उरलं होतं.

विलुजेंग वाढली. वाडीखालच्या बालवाडीत शिकवायला लागली. लहानपणी तिला मोठा ताप आला होता आणि शहरात नेऊन बरं केलं, एवढं तिला सांगितलेलं होतं, आणि तिनंही कधी खोदून विचारलं नाही. रोज्यांच्या आधीच्या रुवाह महिन्यात सगळी वाडी कबरस्तान झाडायला जाते आणि आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं घालते, तेव्हा ती आईबरोबर जायची. सागाच्या पानात गुलाबपाकळ्या आणि केवडा बांधून रुबियेम पुड्या करायची, नवऱ्याची, सासूची, सासऱ्याची. विलुजेंग लहानपणापासून एक पुडी जास्तीची मागून घ्यायची आणि कोपऱ्यातल्या चाफ्याखाली ठेवायची, जिथं कुणाचीच कबर नव्हती. डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. रुबियेमला वाटायचं, असेल पोरीचा काही खेळ. मोठी झाली तरी तिनं ते सोडलं नाही, आणि रुबियेमनं विचारलं नाही. दोघींच्या घरात न विचारण्याची सवय पहिल्यापासूनच पक्की होती.

मग लग्न झालं. जावई गियार्तो, गवंडी, कामाला लांब सेमारांगला, महिन्यातून एकदा यायचा. विलुजेंगला दिवस गेले, सातवा लागला, आणि तिला धाप लागायला लागली. बालवाडीहून घरापर्यंतचा चढ चढताना ती दोनदा बसायची. रात्री तीन उशा घेऊन टेकून झोपायची, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाय सुजले. शेजारणी म्हणाल्या, जुळं असेल. कुणी म्हणालं, मुलगाच आहे, मुलगे असेच छळतात. रुबियेमही हो हो म्हणायची.

त्याच सुमाराला आरोग्यकेंद्रातली बू बिदान, म्हणजे सरकारी सुईण, बायकांच्या भिशीला आली. नाव फारिखा, वय कोवळं, उत्तरेकडच्या देमाकची, बोलणं धडाधड. चहा घेता घेता तिनं विचारलं की या वाडीत अमुक नावाची मुलगी होती का, आता चोविशी-पंचविशीची असेल. आणि तिनं ते नाव घेतलं. सगळं, राणीच्या थाटात, जसं लिहिलं होतं तसं.

ओसरीवर चमचेसुद्धा वाजायचे थांबले. विलुजेंग तेव्हा बालवाडीत होती, आणि रुबियेम तळलेल्या तेंप्याचं ताट घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, आणि न बघण्यासाठी बायकांनी किती कष्ट घेतले ते ज्याला समजायचं त्याला समजलं असतं. भिशीची म्हातारी प्रमुख म्हणाली, नाही बाई, असलं नाव आमच्या वाडीत कुणाचं असणार? आम्ही साधी माणसं. दुसरी म्हणाली, पलीकडच्या वाडीत बघा. तिसरीनं तर त्या नावाची कुणी जन्मालाच आली नाही अशी शपथ घ्यायची तयारी दाखवली. नाव बदललं त्या दिवशीची लापशी तिच्याच हातची होती. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, आणि ते रुबियेमवरच्या मायेनं ठेवले.

बू बिदाननं सुस्कारा टाकला. म्हणाली, काही वाईट नाही हो यात. शहरातलं इस्पितळ त्यांच्याकडे लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या पोरांना शोधतंय. पोरं वाचली, पण तेव्हा दिलेल्या औषधांपैकी एक, लालभडक, असं आहे की ते वीस वर्षांनीही हृदय थकवतं. वरून काही दिसत नाही. बाईमाणूस गरोदर राहिलं की मग हृदयावर भार येतो आणि तेव्हा कळतं, कधीकधी फार उशिरा. म्हणून त्यांना कायम तपासत राहायचं. आता शहरातही जावं लागत नाही, आपल्या केंद्रातच दर गुरुवारी पडद्यावर डॉक्टर भेटतात. जुन्या फायली पावसात भिजल्या, त्यांच्याकडे मुलीचं नाव, वाडीचं नाव आणि औषधांचा हिशेब तेवढा उरलाय. "कुणाला आठवलं तर सांगा," ती म्हणाली, आणि तेंपे चांगले झालेत म्हणून दोन जास्तीचे घेतले.

त्या दिवसापासून रुबियेमच्या जिवाला घोर लागला. एका बाजूला लाल सरबत. दुसऱ्या बाजूला ते नाव. नाव घेतलं की दुखणं परत येणार, आणि नाही घेतलं तर जे आलंय त्याला डॉक्टर ओळखणार नाही. आणि आता तर पोटात आणखी एक जीव. सोयाबीन तुडवताना ती थांबायची, पुन्हा तुडवायची. एक अख्खं आधण तिनं सालांसकट विरजून टाकलं, ते सगळं कडू झालं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

तिनं मधला रस्ता काढला. अशी माणसं मधलाच रस्ता काढतात. बू बिदानला जाऊन म्हणाली, माझ्या पोरीला फार धाप लागतेय, त्या पडद्यावरच्या डॉक्टरला तिला नुसती दाखवता येईल का? बू बिदानलाही विलुजेंगची काळजी वाटतच होती. म्हणाली, गुरुवारी आणा, घुसवते मधेच.

गुरुवारी केंद्रातल्या मागच्या खोलीत टेबलावर तो पडदा उभा करून ठेवला होता, मोठ्या पाटीएवढा. त्यात डॉक्टर हापसारी, चष्मा लावलेली, चाळिशीची बाई, मागे इस्पितळाची भिंत. आवाज मधेच तुटायचा, चेहरा थिजायचा आणि मग एकदम पुढे सरकायचा. बू बिदाननं रक्तदाब घेतला, बोटाला चिमटा लावला, आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. डॉक्टर म्हणाली, खरं तर हे माझं काम नव्हे, मी फक्त लहानपणच्या कॅन्सरच्या मुलांना बघते, पण आलात तर सांगा. धाप कधीपासून? झोप कशी लागते? मग विचारलं, लहानपणी काही मोठं दुखणं?

"ताप आला होता म्हणे एकदा," विलुजेंग म्हणाली आणि आईकडे बघितलं.

"तापच," रुबियेम म्हणाली.

डॉक्टर थोडा वेळ कागदावर काहीतरी लिहीत होती. मग म्हणाली, बहुतेक रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या वाढवा. हृदयाचा इको करून घेतलेला बरा, पण तो जिल्ह्याला नंबर लावून होतो, पाच-सहा आठवडे लागतील. "माझ्या मुलांपैकी कुणी असती ना," ती बू बिदानला म्हणाली, "तर मी आजच्या आज पाठवली असती, नंबरबिंबर काही बघितलं नसतं. पण हिचं तसं काही नाही. पुढचं कोण आहे?"

विलुजेंग उठली. चप्पल घालायला वाकली आणि वाकूनच राहिली. टेबलाची कड धरली, तोंड उघडं टाकून श्वास ओढायला लागली, आणि त्या ओढण्याचा घरघर आवाज खोलीत भरला. बू बिदान धावली, तिला बसवलं, पाठ धरली. पडद्यावरचा चेहरा त्याच वेळी थिजला होता, डॉक्टरला यातलं काही दिसलं नाही.

रुबियेम पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या जवळ, की पलीकडे नुसतं तिचं कपाळ दिसत असणार.

"बाई, थांबा. बंद करू नका," ती म्हणाली. "तापबिप काही नव्हता. ही तुमचीच आहे."

"काय म्हणालात? आवाज तुटतोय."

"तुमची आहे ही. तुम्ही जिला शोधताय ती." तिनं श्वास घेतला. मग वागिराननं ठेवलेलं ते नाव तिनं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत घेतलं: "देवी रत्ना कुसुमानिंगरुम. लाल सरबत दिलंय हिला. खूप दिलंय. मी मोजलं नाही, तुमच्याकडे लिहिलेलं असेल."

बू बिदान तिच्याकडे बघत राहिली. तिला भिशीची ती शांतता आता कळली असावी, पण शहाणी, विलुजेंगची पाठ चोळत राहिली. पलीकडे डॉक्टरनं की-बोर्डवर बोटं चालवली. नुसता तो आवाज येत होता, टकटक. मग तो थांबला. डॉक्टरनं चष्मा काढला, पुन्हा लावला.

"निंगरुम," नावाची नुसती शेवटची अक्षरं घेऊन ती पडद्यातून म्हणाली, एकदम वेगळ्या आवाजात, जणू हरवलेलं माणूस गर्दीत दिसावं. "आम्ही तुला फार शोधलं गं."

विलुजेंगनं हळूच मान वर केली. आधी डॉक्टरकडे बघितलं, मग आईकडे.

पुढचं सगळं झटपट झालं. केंद्राच्या गाडीतून त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, तिथं पोटावर नाही तर छातीवर यंत्र फिरवून हृदय बघितलं, आणि ते चित्र तिथल्या तिथं डॉक्टर हापसारीला गेलं. हृदय मंदावलं होतं, निम्म्यानंच काम करत होतं. औषधं सुरू झाली, मीठ बंद झालं, बालवाडी बंद झाली. डॉक्टरनं फोनवर सांगितलं की बाळंतपण शहरात करायचं, दिवस भरायच्या थोडं आधी. आणखी महिनाभर कुणी बघितलं नसतं तर काय झालं असतं, हे तिनं विचारल्याशिवाय सांगितलं नाही, आणि रुबियेमनं विचारलं नाही.

त्या दिवशी जिल्ह्याच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात निकालाची वाट बघताना दोघी बाकावर बसल्या होत्या. विलुजेंग म्हणाली, "ती पलीकडच्या खाटेवरची नव्हती तर."

"नव्हती."

"मीच होते."

"तूच होतीस," रुबियेम म्हणाली. "तुला कॅन्सर झाला होता. नाव टाकलं, म्हटलं दुखणंही गेलं. नाव आता घेतलंय मी. काय व्हायचं ते माझं होऊ दे."

"तू तपासायला नेणं सोडलंस ते नावासाठी?"

रुबियेमनं होकाराची मान हलवली. तिला वाटलं, पोरगी आता ओरडेल, आणि ओरडली तर बरंच होईल. पण विलुजेंगला ओरडायला पुरेल एवढा श्वासच नव्हता. ती नुसती समोरच्या भिंतीकडे बघत बसली, आणि भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. ते पाहून रुबियेमला रडू फुटलं. वॉर्डातल्या त्या दोन वर्षांत ती एकदाही रडली नव्हती. तेव्हा सवडच नव्हती.

मुलगा झाला. लहानसा, पण आवाजाचा खणखणीत. गियार्तोच्या मनात चांगलं भारदस्त नाव होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यानं ते गिळून टाकलं. नाव ठेवलं बागास, अर्ध्या श्वासात घेता येणारं. विलुजेंगचं हृदय पुष्कळ सावरलं, पण पूर्ण नाही. डॉक्टर हापसारीनं पडद्यावरून नीट समजावलं: आता दर महिन्याला एक कॉल, मग तीन महिन्यांनी, मग वर्षाला. गोळ्या चालू. दुसरं मूल नको.

"किती वर्षं?" रुबियेमनं विचारलं.

"कायम, आई. ती आहे तोवर."

वीस वर्षांपूर्वी औषध संपलं त्या दिवशी बसमधून उतरून रुबियेम वाडीचा चढ चढली होती, तेव्हा तिला वाटलं होतं, पोचलो एकदाचे. आता कळलं की चढ संपलेलाच नव्हता, ती फक्त मधेच बसली होती. खाली गेलेला खांदा तिनं चोळला आणि पुढचा गुरुवार कोणता ते बू बिदानला विचारून घेतलं.

रुवाह आला. कबरस्तान झाडून झालं, आणि रुबियेम सवयीनं पुड्या बांधायला बसली. नवऱ्याची, सासूची, सासऱ्याची, आणि चाफ्याखालची एक. विलुजेंग बाळाला कापडात बांधून चढ चढून आली, मधे एकदाच बसली. आईनं शेवटची पुडी तिच्यापुढे धरली.

"ही कुणाची?" विलुजेंगनं विचारलं.

"तुझी नाही का? दर वर्षी तिकडे ठेवतेस ती. कुणासाठी ठेवतेस ते काही तू मला सांगितलं नाहीस."

विलुजेंगनं पुडी हातात घेतली आणि चाफ्याकडे बघितलं. "निंगरुमसाठी," ती म्हणाली. "मला वाटायचं, ती पलीकडच्या खाटेवरची मेली. तिचं नाव कुणीच काढायचं नाही ना, वॉर्डात गेलेल्यांचं काढायचे नाहीत तसं. मला वाटायचं, तिच्या घरचं कुणी येत नसेल फुलं घालायला."

एवढीशी होती तेव्हापासून ही पोर दर वर्षी इथं येत होती, डोळे मिटत होती, आणि शेजारी उभी राहून आई तिला फुलं बांधून देत होती. जिला मरणापासून लपवायला म्हणून नाव टाकलं, तिलाच आईनं पोरीच्या मनात पुरून ठेवलं होतं. रुबियेम नवऱ्याच्या कबरीच्या कडेला जाऊन बसली आणि त्याची पुडी तिनं कबरीवर सोडली.

विलुजेंगनं तिला उठवलं नाही. तिनं पुडीची गाठ सोडली आणि त्या सगळ्या पाकळ्या बापाच्या कबरीवर ओतल्या, त्याच्या वाट्याच्या फुलांवर.

"ही बाबांना," ती म्हणाली. "नाव त्यांनीच ठेवलं होतं."

मग तीही शेजारी बसली, धाप खाली बसेपर्यंत. बाळ चुळबुळायला लागलं. खालून वाडीतल्या बायका हाका मारत होत्या, जेवणं मांडली होती. रुबियेमनं डोळे पुसले, टोपली आवरली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता विचारलं, "परवा गुरुवार ना? कॉल आहे?"

"आहे. सकाळचा."

"मग त्या निंगरुमला सांग," रुबियेम म्हणाली, "लवकर ऊठ म्हणावं."